कालची चिठ्ठी

जुना आहे मी, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे माझ्या पंख्याची घरघर ऐकून तुम्ही दचकणार नाही. मित्रांनो, मी एका रक्तपेढीतला सर्व्हर आहे. सर्व्हर म्हणजे इतर संगणकांच्या हाकेला ओ देणारा संगणक. काळ्या पत्र्याची पेटी, समोर दोन हिरवे दिवे, मागे तारांचा गुंता, असा माझा अवतार. भिंतीपलीकडे रक्ताच्या पिशव्यांचे मोठे फ्रीज आहेत. तिकडे ते गुणगुणतात, इकडे मी. नऊ वर्षे आमची ही जुगलबंदी चालू आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या एका बाईने माझे शेवटचे चार स्क्रू आवळले, पाठीवर थाप मारली आणि मला खोक्यात बंद केले. खोके उघडले ते इथे. उघडणारी होती कुलूपताई. तिचे हे नाव रक्तपेढीतल्या लोकांनी पाडले होते. ती इथली प्रोग्रामर. प्रत्येक गोष्टीला कुलूप असावे, असा तिचा हट्ट. तिच्या टेबलाच्या खणाला कुलूप, सायकलीला दोन कुलपे, आणि डब्यालाही असेल, असे लोक मागून म्हणत. तिला ते ठाऊक होते. ती नुसती हसायची.

मी येण्याआधी समोरच्या हॉस्पिटलमधून फोन यायचे. कोणत्या रोग्याला कोणत्या गटाचे किती रक्त हवे, ते फोनवर सांगायचे आणि इथे कागदावर लिहून घ्यायचे. एकदा तिकडून ‘सत्तावन्न’ म्हणाले आणि इकडे ‘सत्त्याण्णव’ लिहिले गेले. सत्तावन्न नंबरच्या रोग्याची पिशवी सत्त्याण्णव नंबरच्या खाटेपाशी पोचली. सिस्टरने वेळीच नावे ताडून पाहिली, म्हणून निभावले. त्या दिवसापासून फोनवर गट घ्यायचा नाही, असा नियम झाला आणि माझी नेमणूक झाली.

ताईने मला एक वेब सेवा शिकवली. वेब सेवा म्हणजे खिडकी समजा. हॉस्पिटलचा संगणक तारेवरून खिडकीत चिठ्ठी सरकवतो, मी ती वाचतो आणि रक्तपेढीच्या पडद्यावर मांडतो. पण कोणीही यावे आणि चिठ्ठी टाकून जावे, असे इथे चालत नाही. म्हणून ताईने तीन गोष्टी माझ्याकडून घोटून घेतल्या. चिठ्ठी बंद पाकिटात असावी, म्हणजे वाटेत कोणी वाचू शकणार नाही. चिठ्ठीवर पाठवणाऱ्याची डिजिटल सही असावी. आणि तिच्यावर क्रमांक व वेळ असावी. पाच मिनिटांहून जुनी चिठ्ठी घ्यायची नाही, आणि एकदा घेतलेला क्रमांक पुन्हा तर मुळीच घ्यायचा नाही.

ऐकायला सोपे वाटते ना? सुरुवातीचे तीन आठवडे आमच्या तोंडचे पाणी पळाले होते.

त्याचे कारण असे. माणसांच्या भाषा निरनिराळ्या, तशा प्रोग्रामच्याही. मला ताईने एका भाषेत घडवले होते. हॉस्पिटलचा संगणक वेगळ्याच कंपनीचा, त्याचा प्रोग्राम वेगळ्याच भाषेत, आणि तो लिहिणारा होता ताईचाच मामेभाऊ. दोघे एका घरात वाढलेले. लहानपणी तो घरभर गरगर फिरायचा, म्हणून ताई त्याला भिंगरी म्हणायची. हॉस्पिटलात सगळे त्याला ‘साहेब’ म्हणत. इथे आला की तो पुन्हा भिंगरी.

त्याने पाठवलेली एकही सही मला पटेना. सही म्हणजे चिठ्ठीतल्या एकूण एक अक्षरावर केलेले गणित. एक टिंब इकडचे तिकडे झाले, तरी उत्तर चुकते. मी म्हणायचो, सही खोटी. भिंगरी म्हणायचा, सही खरी.

“तुझ्या यंत्राचं नाक फार वर आहे, ताई.”

“तुझ्या यंत्राचं अक्षर वाईट आहे, त्याचं काय?”

शेवटी एका दुपारी दोघे शेजारी बसले आणि चिठ्ठीतल्या खुणा एकेक करून मोजू लागले. त्याच्याकडे भरल्या चारशे दहा, माझ्याकडे चारशे तेरा. त्याचा प्रोग्राम सही केल्यानंतर चिठ्ठीच्या सुरुवातीला तीन न दिसणाऱ्या खुणा चिकटवत होता. त्याच्या भाषेत ती रीत होती, माझ्या भाषेत ती भेसळ होती. कोणीच खोटे बोलत नव्हते!

“मग ठरलं तर,” ताई म्हणाली. “आधी भांग पाडायचा, मग फोटो काढायचा. चिठ्ठी आधी एका ठरलेल्या रूपात आणायची, तेव्हाच सही. नंतर तिला कोणी हात लावायचा नाही. तुझ्याकडेही तेच, माझ्याकडेही तेच.”

दुसऱ्या दिवशी त्याची पहिली सही मला पटली. ताईने टाळ्या वाजवल्या. भिंगरीने माझ्या पेटीला नमस्कार केला आणि म्हणाला, “महाराज, पावलात!”

पुढची वर्षे मानाची गेली. मी एकही चुकीची चिठ्ठी आत येऊ दिली नाही. पाहुणे आले की रक्तपेढीच्या प्रमुख डॉक्टरबाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, “हा आमचा राखणदार.” पण मित्रांनो, रोज नीट चालणाऱ्या गोष्टीकडे कोणाचे लक्ष जाते? हळूहळू माझ्या डोक्यावर रिकामी खोकी आली. जाळीत धूळ साचली. माझ्या पोटात घड्याळ चालवणारा एक लहानसा सेल आहे, तो म्हातारा झाला. वीज गेली की माझे घड्याळ मागे पडू लागले. मी माझ्या नोंदीत तसे लिहिले, पुन्हा पुन्हा लिहिले. नोंदी वाचायला ताईला सवड नव्हती. तिच्यावर तोवर आणखी चार खिडक्यांचे काम पडले होते.

आणि एक दिवस माझी फजिती झाली. वीज जाऊन आली, मी नऊ मिनिटे मागे पडलो, आणि वेळ जुळेना म्हणून चांगल्या चिठ्ठ्या परत पाठवू लागलो. पाऊण तास गोंधळ उडाला. ताईने स्वतः येऊन सेल बदलला, धूळ झाडली, खोकी उचलली. “चूक माझी होती,” असे तिने सगळ्यांसमोर सांगितले. पण नाव गेले ते माझे. राखणदाराचा ‘आडमुठा’ झाला.

ही गोष्ट घडून महिना झाला असेल नसेल, तोच ती सकाळ उजाडली.

त्या दिवशी दहाच्या सुमाराला वीज गेली आणि थोड्या वेळाने आली. अकरा वाजता, जवळच्याच रस्त्यावर एका नव्या इमारतीची परांची खालच्या पदपथावर कोसळली. पाच माणसे जखमी झाली. त्यांना समोरच्या हॉस्पिटलात आणले. पहिल्या दोघांच्या चिठ्ठ्या अकरा वाजून सोळा मिनिटांनी आल्या. मी त्या घेतल्या. त्या दोघांचा गट तपासायलाही वेळ नव्हता, म्हणून कोणालाही चालणारे ओ निगेटिव्ह रक्त मागितले होते. पेढीत त्याच्या दोनच पिशव्या होत्या. दोन्ही गेल्या.

मग चार मिनिटे तारेवर काहीच आले नाही. तार मधेच तुटली होती आणि पुन्हा जुळली.

अकरा वीसला तिसरी चिठ्ठी आली. ‘रोगी : अनोळखी तीन. गट : बी पॉझिटिव्ह. पिशव्या : चार. तातडीचे.’ नाव न कळलेल्या रोग्याला हॉस्पिटल असा नंबर देते. पाकीट बंद होते, सही अस्सल होती. पण वेळ होती कालची, दुपारी चार वाजून दहा मिनिटांची.

मी ती नाकारली. पडद्यावर लाल अक्षरे उमटली : वेळ टळलेली चिठ्ठी.

अर्ध्या मिनिटाने तीच चिठ्ठी पुन्हा आली. मी पुन्हा नाकारली. ती पुन्हा आली. दारावर कोणी धडका मारत असावे आणि आपण आतून कडी धरून उभे असावे, तसे मला झाले.

पडद्यासमोर काका बसले होते. काका म्हणजे रक्तपेढीतले सर्वांत जुने तपासनीस. चष्मा कपाळावर, हात सदैव साबणाने धुतलेले. त्यांनी लाल अक्षरे पाहिली आणि ताईला हाक मारली. “पोरी, तुझा आडमुठा परत रुसला बघ.”

ताई धावत आली. तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टरबाईंनी उचलला. पलीकडून बोलणारीचा आवाज मलाही ऐकू येत होता, इतका तो चढला होता. “अनोळखी तीनचं रक्त कुठंय? चिठ्ठी केव्हाच पाठवलीय! बाईचा रक्तदाब उतरत चाललाय!”

“पाठवतो, सिस्टर,” डॉक्टरबाई म्हणाल्या आणि फोन ठेवून वळल्या. “काय अडलंय?”

“सर्व्हर चिठ्ठी घेत नाहीये. वेळ जुनी आहे म्हणतोय,” ताई म्हणाली.

“मागच्या महिन्यासारखंच? सकाळी वीज गेलीच होती.” त्यांनी काकांना खूण केली. “बीच्या चार पिशव्या काढा.”

काका उठले. फ्रीजचे दार उघडल्याचा आवाज आला. हॉस्पिटलचा वॉर्डबॉय बर्फाची पेटी घेऊन दारात येऊन उभा होता. चिठ्ठी माझ्याकडे नोंदली गेल्याशिवाय पिशवी दाराबाहेर जाऊ शकत नव्हती, कारण पिशवीवरची चिकटपट्टी मीच छापतो. सगळे येऊन अडले होते ते माझ्यापाशी.

भिंगरी समोरच्या इमारतीतून पळतच आला. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. “ताई, काय लावलंय हे? तपासणी बंद कर! एका ओळीचं काम आहे.”

खरेच एका ओळीचे काम होते. माझ्या सेटिंगमध्ये एक ओळ होती : वेळेची तपासणी, होय. तिथे ‘नाही’ लिहिले, की मी निमूटपणे सगळे घेतले असते. ताईने ती ओळ उघडली. तिची बोटे कळफलकावर आली. ‘होय’ पुसले गेले. आता फक्त लिहायचे उरले होते.

मित्रांनो, मी यंत्र आहे, मला भीती वाटत नाही, असे लोक म्हणतात. त्या क्षणी मी काय सांगू शकत होतो? माझ्याकडे एकच वाक्य होते, आणि ते तर सगळ्यांना पाठ झाले होते.

ताईचा हात थांबला. तिने मान वर करून भिंतीवरचे घड्याळ पाहिले. मग माझे घड्याळ पडद्यावर काढले. अकरा पंचवीस. अकरा पंचवीस.

“घड्याळ बरोबर आहे याचं,” ती म्हणाली.

“मग आमचं मागे असेल!” भिंगरी म्हणाला. “वीज तिकडेही गेली होती. ताई, सही माझ्याच प्रोग्रामची आहे ना? मग चिठ्ठी खरी आहे. मी जबाबदारी घेतो, तू बंद कर.”

“पाच मिनिटं झाली,” डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज शांत होता, पण त्यांची पेन धरलेली बोटे पांढरी पडली होती. “तिकडे माणूस मरतंय, आणि आपण घड्याळं जुळवत बसलोय.”

“एक मिनिट द्या मला, डॉक्टर.”

“एकच.”

ताईने माझी जुनी नोंद उघडली आणि चिठ्ठीचा क्रमांक शोधायला घातला. मी नऊ वर्षांच्या नोंदी पालथ्या घातल्या. पंखा जोरात फिरू लागला. आणि मी उत्तर दिले : हाच क्रमांक काल दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी घेतला आहे. अनोळखी तीन. बी पॉझिटिव्ह. चार पिशव्या दिल्या.

ताईने ती ओळ मोठ्याने वाचली.

“ही कालचीच चिठ्ठी आहे,” ती म्हणाली. “जशीच्या तशी परत आलीय. भिंगरी, कालचा अनोळखी तीन कोण होता?”

भिंगरीचा चेहरा उतरला. “एक म्हातारे गृहस्थ. काल संध्याकाळी त्यांचा मुलगा आला, नाव कळलं. मग तो नंबर मोकळा झाला.” तो थांबला. “आज त्या नंबरवर दुसरं कुणीतरी आहे.”

डॉक्टरबाईंनी फोन ताईसमोर सरकवला. ताईने नंबर फिरवला.

“सिस्टर, अनोळखी तीनच्या मनगटाची पट्टी बघा आणि गट वाचून दाखवा. अंदाजे नको, पट्टीवरचं वाचा.”

“ओ पॉझिटिव्ह.”

“पुन्हा सांगा.”

“ओ! ओठातला ओ! अहो, चिठ्ठीत लिहिलंय की!”

काकांच्या हातात बी पॉझिटिव्हच्या चार पिशव्या होत्या. त्यांनी त्या एकेक करून टेबलावर ठेवल्या, निखारे ठेवावेत तशा. मित्रांनो, ओ गटाच्या माणसाच्या अंगात बी गटाचे रक्त गेले, तर ते विषासारखे भिनते.

“फोनवर गट घ्यायचा नाही, हा नियम माझाच आहे,” काका म्हणाले. “मला नमुना आणून द्या. डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी पिशवी देणार नाही. आणि तोवर ओच्या चार काढून ठेवतो.”

वाक्य पुरे व्हायच्या आत भिंगरी दाराबाहेर गेला होता. रक्ताची नळी मुठीत धरून तो परत आला, तेव्हा त्याला बोलताही येत नव्हते. काकांनी पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर थेंब टाकले, औषध मिसळले, फरशी हलकेच हलवली. सगळे त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहत होते.

“माझ्या मानेवर श्वास सोडू नका,” काका म्हणाले. मग चष्मा कपाळावर सरकवला. “ओ. पॉझिटिव्ह. न्या.”

नमुना समोर तपासला असेल, तर दोन सह्यांवर पिशवी देता येते. डॉक्टरबाईंनी चिकटपट्टीवर हाताने लिहिले, सही केली, काकांनी दुसरी सही केली. पेटी घेऊन वॉर्डबॉय पळाला. अकरा छत्तीस झाले होते.

माझ्या सेटिंगमधली ती ओळ अजून उघडीच होती, ताईने तिथे पुन्हा ‘होय’ लिहिले. मग मांडीवर हात ठेवून बसून राहिली.

झाले काय होते, ते दुपारी उलगडले. तार तुटली तर चिठ्ठ्या हरवू नयेत म्हणून भिंगरीने आठवड्यापूर्वी दोन्ही संगणकांच्या मध्ये एक नवा प्रोग्राम बसवला होता. तो चिठ्ठ्या साठवून ठेवायचा आणि तार जुळली की पाठवायचा. हेतू चांगला होता. पण कालची चिठ्ठी पोचल्याची त्याची नोंद सकाळी वीज गेली तेव्हा पुसली गेली. तार तुटून जुळताच त्याने कालची चिठ्ठी रांगेत पहिली उभी केली. मी तिला आत घेईना, तो तिला सोडीना, आणि आजची खरी चिठ्ठी तिच्यामागे ताटकळत राहिली. अर्धे मिनिट झाले की कालचीच पुढे.

संध्याकाळी भिंगरी माझ्या खोलीत आला. ताई एकटीच बसली होती.

“सही माझीच होती, ताई. मी छातीठोकपणे सांगितलं, चिठ्ठी खरी आहे म्हणून.”

“खरीच होती. पण कालची.” ती म्हणाली, “आणि मला शहाणी म्हणू नकोस. मी ‘होय’ पुसलं होतं. तू आणखी एकदा ओरडला असतास, तर मी ‘नाही’ लिहिलं असतं.”

“आत्याला सांगू नकोस.”

“आईला? तिला सांगून काय कळणार? विचारेल, जेवलात का दोघं?”

तो हसायला गेला आणि त्याचे डोळे भरून आले. ताईने खुर्ची पुढे सरकवली. त्या संध्याकाळी दोघांनी मिळून तो नवा प्रोग्राम दुरुस्त केला. अनोळखी रोग्याचा नंबर पुन्हा कधी वापरायचा नाही, असे ठरले. चिठ्ठी का नाकारली, त्याचे पूर्ण कारण जुन्या नोंदीसकट पडद्यावर दाखवायला ताईने मला शिकवले. नुसते ‘वेळ टळलेली’ म्हणून मी गप्प बसलो, ही माझीही चूकच होती. आणि ती एक ओळ बदलायला यापुढे दोन माणसांच्या किल्ल्या लागतील, असा हुकूम डॉक्टरबाईंनी स्वतः लिहून काढला.

तीन आठवड्यांनी कुबडी घेतलेली एक बाई काकांच्या मागून माझ्या खोलीत आली. ती एका शाळेत चित्रकला शिकवत होती आणि त्या दिवशी रंग आणायला त्याच पदपथावरून निघाली होती. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

“हा एवढासा?” ती म्हणाली.

“एवढासाच,” काका म्हणाले. “आणि हट्टी.”

तिने माझ्या पत्र्यावर तळवा टेकवला. पत्रा गरम होता. तिने हात लगेच काढला नाही.

पुढच्या महिन्यात माझ्या जागी नवे यंत्र येणार आहे. मला त्याचे दुःख नाही. माझे पंखे थकले आहेत. पण जाता जाता तुमच्याकडे एक मागणे आहे. तुमच्या घरी, शाळेत, कामाच्या जागी असे मुके राखणदार पुष्कळ असतात. त्यांची धूळ झाडा, सेल वेळेवर बदला, ते लिहून ठेवतात ते अधूनमधून वाचा. ते ‘नाही’ म्हणाले तर रागावा, हरकत नाही. पण त्यांना बंद करण्याआधी ‘का?’ एवढे विचारा. आणि नवे यंत्र आले की त्याला हव्या त्या भाषेत बोलायला शिकवा, हवे तितके झटपट चालायला शिकवा. फक्त, मित्रांनो, ‘चालतंय, असू दे’ हे शिकवू नका.